पेप्टाइडच्या प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र परीक्षा व्हावी : आरोग्य विज्ञान विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हसरूळ, नाशिक.

विषय : पेप्टाइड-खंडांच्या तपासणीसाठी आणि अभ्यासासाठी विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू करण्याबाबत.

महोदय,

सातपूर आणि अंबड येथील औषधनिर्मिती कारखान्यांत, गुणवत्ता नियंत्रण विभागात माझी सारी नोकरी झाली. औषध रुग्णापर्यंत जाण्याआधी त्यात जे असायला हवे ते आहे ना आणि जे नसायला हवे ते नाही ना, एवढे दोनच प्रश्न आम्ही रोज विचारत असू. निवृत्तीनंतर हे प्रश्न मागे पडतील असे वाटले होते. परंतु गेल्या काही काळात ओळखीतील तरुण, त्यांचे पालक आणि एक-दोन डॉक्टरसुद्धा पेप्टाइडच्या छोट्या व्हायल माझ्याकडे घेऊन येतात आणि ‘हे घेण्यात काही धोका आहे का’ असे विचारतात. व्हायलवर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते आणि ती माणसाच्या पोटावरील त्वचेखाली टोचण्यासाठीच विकत घेतलेली असते. माझ्याकडे आता उपकरण नाही आणि अशा नमुन्याची तपासणी करून देणारी, सामान्य माणसाला किंवा डॉक्टरला सहज गाठता येईल अशी जागा मला या शहरात सुचवता येत नाही. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचार महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते विद्यापीठ मात्र याच शहरात आहे. म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे.

प्रथम मूळ विषयाबद्दल लिहितो. आपणांस तो ठाऊक आहे, पण पत्र खुले असल्याने इतर वाचकांचाही विचार केला पाहिजे. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, आणि मोठ्या प्रथिनाचा किंवा संप्रेरकाचा एखादा भाग वेगळा काढला की तो पेप्टाइड-खंड. असे तुकडे करणे ही माणसाची क्लृप्ती नाही. शरीर ते सतत करत असते. स्वादुपिंडातील प्रोइन्सुलिन कापले जाते तेव्हा एकीकडे 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन तयार होते आणि दुसरीकडे 31 अमिनो आम्लांचा सी-पेप्टाइड हा तुकडा सुटतो. बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती काम करते हे कळावे म्हणून डॉक्टर ज्या ‘सी-पेप्टाइड’ चाचणीची चिठ्ठी देतात, ती या तुकड्याचीच मोजणी असते. हृदयावर ताण आला की 108 अमिनो आम्लांच्या एका पूर्वरूपाचे दोन भाग होतात. त्यातील 32 अमिनो आम्लांचा भाग संप्रेरक म्हणून काम करतो, आणि उरलेला 76 अमिनो आम्लांचा भाग रक्तात अधिक काळ टिकत असल्याने हृदय निकामी होत आहे का हे ओळखण्यासाठी उपयोगी पडतो. ‘एनटी-प्रोबीएनपी’ या नावाने तो नाशिकमधील रक्ततपासणी अहवालांतही दिसतो.

निदानापेक्षा उपचारात तुकड्यांचे शास्त्र अधिक गुंतागुंतीचे होते, आणि माझा मुख्य मुद्दाही तेथेच आहे. परावटू ग्रंथीचे संप्रेरक 84 अमिनो आम्लांचे असते. त्यातील पहिल्या 34 अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे टेरिपॅराटाइड, हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत 2002 साली मान्य झाला. रोज 20 मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन दिले की तो नवे हाड घडवतो. तेच संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाड झिजते. आता याच तुकड्याची पहिली सहा अमिनो आम्ले काढून टाकली तर 7 ते 34 असा जो भाग उरतो, तो पेशीवरील त्याच ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो, पण संदेश देत नाही. उलट खऱ्या संप्रेरकाची वाट अडवतो. संप्रेरक एकच आणि ग्राहीही एकच, पण काप सहा अमिनो आम्लांनी सरकला एवढ्यानेच गुण उलटला.

सध्या घरोघरी ज्याची चर्चा आहे त्या जीएलपी-1 या आतड्यातील संप्रेरकाचेही तसेच आहे. प्रोग्लुकागॉन या मोठ्या साखळीतून सुटणारा हा तुकडा रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकतो, कारण डीपीपी-4 नावाचे विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापून टाकते, आणि उरलेला भाग साखर कमी करण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हे विकर रोखणाऱ्या ग्लिप्टिन गोळ्या आपल्या मधुमेही रुग्णांना नेहमीच लिहून दिल्या जातात. जीएलपी-1 वर बेतलेल्या, मधुमेह आणि वजनासाठीच्या सेमॅग्लुटाइड या औषधात हा काप बसू नये म्हणून त्या जागेचे अमिनो आम्ल बदलले, दुसऱ्या जागी मेदाम्लाची शेपटी जोडली, आणि दोन मिनिटांचा तुकडा आठवडाभर टिकू लागला. त्याचे भारतातील मुख्य पेटंट मार्च 2026 मध्ये संपले असल्याने या वर्गातील औषधे यापुढे अधिक लोकांपर्यंत पोहोचतील, आणि त्यांच्या आडून नक्कल व अर्धवट मालही येईल, हे उघड आहे.

निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीपूर्वी काडीचे डोळे तपासून घेतात आणि कोणत्या डोळ्यात घड आहे हे पाहूनच कात्री कुठे लावायची ते ठरवतात. शेजारच्या बागेत पाचव्या डोळ्यावर घड होता म्हणून आपल्याही बागेत असेलच, असे जाणता शेतकरी धरून चालत नाही. पेप्टाइड-खंडांच्या बाबतीत एवढी साधी खबरदारी आपण लोकांना शिकवलेली नाही. ‘वाढीच्या हार्मोनचा भाग आहे’, ‘जखम भरून आणणाऱ्या प्रथिनाचा तुकडा आहे’, ‘शरीरातच असतो, मग अपाय कसला’ अशा वाक्यांवर माल विकला जातो. अख्ख्या रेणूची कीर्ती तुकड्याला आपोआप लागू होत नाही; तुकड्याला स्वतःची परीक्षा स्वतः द्यावी लागते.

ही परीक्षा उत्तीर्ण झालेली एक कथा आपल्याच मातीशी जोडलेली आहे. 1984 साली मायकेल पिअर्शबाखर आणि एर्की रुओस्लाटी यांनी दाखवून दिले की फायब्रोनेक्टिन या भल्या मोठ्या प्रथिनाला पेशी जिथे चिकटतात, तिथला कळीचा भाग म्हणजे आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही एकापाठोपाठ येणारी अवघी तीन अमिनो आम्ले होत. हाच त्रिक फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन या 49 अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्येही सापडला. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटून गुठळी करतात ती जागा हे पेप्टाइड अडवते. फुरसे चावल्यावर रक्त न गोठण्यामागे जी अनेक कारणे असतात त्यांतील हे एक. त्या त्रिकाच्या आकाराची नक्कल करून टायरोफिबॅन हे औषध घडवले गेले, 1998 साली ते अमेरिकेत मान्य झाले, आणि हृदयविकाराच्या झटक्यात ते आज शिरेतून दिले जाते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून सर्पदंशाचे रुग्ण रात्री-अपरात्री नाशिकला आणले जातात. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या किती निवासी डॉक्टरांना ही कथा सांगितली जाते? फुरसे दगडाखाली पाहून मोठी झालेली मुले आज वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. पेप्टाइडचे शास्त्र त्यांना शिकवण्यास याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नापास झालेल्या तुकड्यांच्या कथाही तितक्याच आवर्जून सांगितल्या पाहिजेत, कारण बाजार नेमक्या त्याच दडवतो. वाढीच्या संप्रेरकाच्या 191 अमिनो आम्लांपैकी शेवटचा, 176 ते 191 हा भाग थोडासा बदलून ‘एओडी-9604’ तयार झाला. प्राण्यांमध्ये त्याने चरबी घटवली. माणसांवरील चाचण्यांत वजन अपेक्षेप्रमाणे उतरले नाही आणि 2007 साली लठ्ठपणासाठीचे ते काम थांबवण्यात आले. तरीही ‘चरबी वितळवणारा तुकडा’ म्हणून तो आजही विकला जातो. बेडकाच्या त्वचेत मायकेल झॅस्लॉफ यांना 1987 साली सापडलेल्या मॅगेनिन या जंतुनाशक पेप्टाइडवर आधारित पेक्सिगॅनन हे मलम मधुमेही पायाच्या जखमेसाठी होते. 1999 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते नाकारले, आणि पुढे 2016 मध्ये नव्या चाचण्यांतही ते टिकले नाही. आपल्याच शरीरातील कॅथेलिसिडिन या प्रथिनापासून सुटणारा एलएल-37 हा 37 अमिनो आम्लांचा तुकडा पायाच्या शिरांच्या दोषामुळे झालेल्या जुनाट जखमांवर तपासला गेला तेव्हा 34 रुग्णांच्या पहिल्या अभ्यासात कमी मात्रांनी चांगला परिणाम दाखवला, सर्वांत जास्त मात्रेने मात्र नाही. आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासात सर्व रुग्ण एकत्र धरले असता स्पष्ट फायदा दिसला नाही. ‘जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण’ असे समजून स्वतःच मात्रा वाढवणाऱ्या तरुणांना हा एक निष्कर्ष जरी कोणी समजावून दिला असता, तरी बरेच काही टळले असते.

आता त्या व्हायलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या भागात माझे आयुष्य गेले आहे. माझ्यासमोर येणाऱ्या नावांत बीपीसी-157 आणि टीबी-500 ही दोन वारंवार असतात. बीपीसी-157 हा 15 अमिनो आम्लांचा तुकडा आहे आणि त्याच्याबद्दलचे बहुतेक सगळे काम उंदरांवरचे आहे. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने 2022 पासून तो खेळाडूंसाठी निषिद्ध यादीत नावानिशी घातला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 साली त्याला सुरक्षिततेविषयी गंभीर शंका असलेल्या पदार्थांत ठेवले. टीबी-500 या नावाखाली कधी थायमोसिन बीटा-4 हे 43 अमिनो आम्लांचे अख्खे पेप्टाइड विकले जाते, तर कधी त्याचा 17 ते 23 हा केवळ सात अमिनो आम्लांचा तुकडा. पहिल्याचे वस्तुमान सुमारे 4963 डाल्टन, दुसऱ्याचे सुमारे 889. रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राला हा फरक काही मिनिटांत दिसतो. टोचून घेणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

व्हायलसोबत मोबाईलवर एक प्रमाणपत्र येते आणि त्यावर ‘शुद्धता 99 टक्के, एचपीएलसी’ असे लिहिलेले असते. लोक याला औषधाची हमी समजतात. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणारे यंत्र. त्याच्या आलेखातील मुख्य शिखराचे क्षेत्रफळ एकूण शिखरांच्या तुलनेत किती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. ते शिखर नेमके त्याच पेप्टाइडचे आहे हे तो आकडा सांगत नाही. पावडरीच्या वजनात पेप्टाइड किती हेही तो सांगत नाही, कारण निर्मितीत वापरलेल्या ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लाचे क्षार आणि ओलावा त्या आलेखात उमटतच नाहीत, आणि वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक त्यांचाच असू शकतो. ती पावडर निर्जंतुक आहे का, हा प्रश्न तर त्या यंत्राचा नव्हेच; निर्जंतुकतेची चाचणी 14 दिवस चालते, आणि मेलेल्या जिवाणूंच्या भिंतींतून सुटणारे एंडोटॉक्सिन, ज्याने हुडहुडी भरून ताप येतो, त्याची चाचणी पुन्हा वेगळी. एखादे अमिनो आम्ल निर्मितीत डाव्याचे उजवे, म्हणजे आरशातील प्रतिमेसारखे उलटे, झाले असेल तर वस्तुमान तेच राहते आणि मास स्पेक्ट्रोमीटरही फसतो.

शिवाय ही अशुद्धी येते कुठून, हेही समजून घेतले पाहिजे. ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 साली मांडलेली आणि 1984 चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारी घन-आधार पद्धत आजही वापरात आहे. तीत एकेक अमिनो आम्ल साखळीला जोडत जातात. प्रत्येक जोड 99 टक्के यशस्वी झाला असे धरले, तरी 30 अमिनो आम्लांच्या साखळीसाठी 29 जोड लागतात आणि शेवटी साधारण 75 टक्के साखळ्याच बिनचूक असतात. उरलेल्या चतुर्थांशात कुठे एक अमिनो आम्ल गळालेले, कुठे साखळी मध्येच थांबलेली. हे सारे शुद्धीकरणात काढावे लागते, आणि तेथेच खर्च असल्याने तेथेच काटकसर होते. टेरिपॅराटाइड किंवा लिराग्लुटाइडसारख्या औषधांची कृत्रिम पद्धतीने केलेली जेनेरिक आवृत्ती मान्य करताना अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना कोणतीही एक नवी अशुद्धी अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावी, अशी अपेक्षा ठेवतात, कारण चुकीच्या साखळीविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे तयार केली तर ती खऱ्या संप्रेरकावरही चालून जाऊ शकतात. जो मुलगा ही व्हायल खोलीतल्या टेबलावर पाण्यात विरघळवून इन्सुलिनच्या सिरिंजने टोचून घेतो, त्याला यातले काही सांगणारे आपल्यापैकी कोणी असायला नको का?

या पार्श्वभूमीवर माझी विनंती अशी की विद्यापीठाने आपल्या आवारात पेप्टाइड-खंडांच्या तपासणीची आणि अभ्यासाची एक लहान प्रयोगशाळा उभी करावी. सुरुवातीला एक चांगले एचपीएलसी, त्याला जोडलेला साधा सिंगल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर, अमिनो आम्लांचे प्रमाण मोजण्याची आणि एंडोटॉक्सिन तपासण्याची सोय, आणि हाताने पेप्टाइड घडवण्याची काचेची भांडी एवढे पुरेल. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर या संस्था काही तासांच्या अंतरावर आहेत. अवघड नमुन्यांसाठी त्यांची मदत मागता येईल. कोणी म्हणेल की वैद्यकीय विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या कामात का पडावे. मी म्हणेन, रुग्ण समोर बसलेला असतो तो डॉक्टरच्या, आणि नमुना हाती येतो तोही तेथेच. म्हणून हे काम रुग्णालयापासून दूर असून चालणार नाही.

या प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात चालणार नाही, हे मला माहीत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 नुसार निरीक्षकाने घेतलेला नमुना शासकीय विश्लेषकाकडेच जावा लागतो, आणि ते योग्यच आहे. परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरला आज संध्याकाळी जे कळायला हवे, ते कळवण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि संशयास्पद माल दिसल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक विभागाला कळवण्याची पद्धतही आखून घेता येईल. याच्या जोडीला, पेप्टाइडचे इंजेक्शन घेतल्यानंतर गाठ, ताप, पुरळ किंवा साखरेची गडबड घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणाऱ्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे गेलीच पाहिजे, असा आग्रह संलग्न महाविद्यालयांकडे धरावा. डॉक्टर बहुधा ‘काय टोचले’ हे विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. हा प्रश्न इतिहास घेतानाच विचारण्याची सवय पदवीच्या वर्गापासून लावता येईल, भौतिकोपचार आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनाही, कारण दुखऱ्या गुडघ्याचा तरुण अनेकदा प्रथम त्यांच्याकडे जातो.

केवळ अटकाव करून हा विषय संपावा, अशी मात्र माझी इच्छा नाही. पेप्टाइड-खंडांचे संशोधन आपल्या जिल्ह्यातील रुग्णांसाठी येथेच व्हावे, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शोधप्रबंध लिहावाच लागतो. त्यांच्यासाठी एक विषय सुचवतो. मधुमेही पायाच्या जुनाट जखमेतील स्रावात प्रथिने कापणारी विकरे भरपूर असतात, आणि एलएल-37 सारखा तुकडा जखमेवर लावला तरी तो तेथे किती वेळ अखंड राहतो, यावर त्याचा उपयोग अवलंबून आहे. शेतात अनवाणी राबणाऱ्या, उशिरा रुग्णालयात येणाऱ्या आपल्या रुग्णांच्या जखमेतील स्राव, नीतिसमितीची आणि रुग्णाची संमती घेऊन, परीक्षानळीत त्या तुकड्याबरोबर ठेवावा आणि ठरावीक वेळाने त्याचे काय उरले ते मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहावे. रुग्णाला काहीच टोचायचे नाही, काहीच लावायचे नाही. तुकडा कोणत्या जागी तुटतो हे कळले की ती जागा बदलून नवा तुकडा घडवता येतो, जसे जीएलपी-1 च्या बाबतीत झाले. असे काम एका विद्यार्थ्याच्या मुदतीत पूर्ण होण्यासारखे आहे, आणि दुसऱ्याने ते पुढे न्यावे असेही आहे. प्रबंध कपाटात जाण्याऐवजी त्याचे निकाल, चांगले असोत वा वाईट, विद्यापीठाने सर्वांसाठी खुले करावेत. नकारात्मक निकालही प्रसिद्ध होतील एवढी एक अट तरी या प्रयोगशाळेच्या नियमांत पहिल्या दिवसापासून असावी.

हा विषय विद्यापरिषदेच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आहे. उपकरणांची यादी, नमुना स्वीकारण्याची व नाकारण्याची पद्धत, चाचणीच्या मानक कार्यपद्धती आणि अहवालाचा मराठी नमुना यांचे कच्चे मसुदे मी तयार केले असून ते विनामूल्य सादर करण्यास तयार आहे. सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेले माझ्यासारखे आणखी काही विश्लेषक शहरात आहेत. विद्यापीठाने बोलावल्यास तेही विद्यार्थ्यांना यंत्रावर बसवून शिकवण्यास आनंदाने येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषध-विश्लेषक,
नाशिक